तापीच्या पाण्यात स्टीलहेडचं तंत्र चालेल का? फ्लोट, जिग आणि वाहत्या पाण्याची गोष्ट

(या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'ना', 'बरं का' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)



सध्या एकच रील फिरून फिरून आपल्या इनबॉक्समध्ये येतेय. परदेशातली थंडगार नदी, काठावर बर्फ, मांडीभर पाण्यात उभा असलेला माणूस, हातात लांबलचक रॉड. पाण्यावर एक नारिंगी टोक शांतपणे वाहत चाललंय. आणि मग ते टोक एकदम गडप होतं, रॉड वाकतो आणि चांगला हातभर लांब चंदेरी मासा पाण्याबाहेर उडी मारतो. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, हे आपल्या तापीवर चालेल का?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. तो मासा इथे मिळणार नाही, त्याचा विचार सोडा. ते तंत्र मात्र चालेल, पण जसंच्या तसं नाही. आणि वर्षातले काही महिने असे आहेत की चालत असलं तरी करायचं नाही. आजचा भाग या तिन्ही गोष्टींवर आहे.

त्या माशाचं नाव स्टीलहेड. रेनबो ट्राउट तुम्ही ऐकला असेल, काश्मीर-हिमाचलच्या सहलीत ताटात पाहिलाही असेल. स्टीलहेड म्हणजे तोच मासा, जातही तीच. फरक इतकाच की हा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत नदीत चढतो. उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा हे त्याचं मूळ घर. पॅसिफिकमधले बहुतेक सामन एकदा अंडी घातली की मरतात, स्टीलहेड मात्र समुद्रात परतून पुन्हा येऊ शकतो. त्याला थंड पाणी लागतं. वीस-बावीस अंशांच्या वर पाणी गेलं की त्याची धडगत नसते. आता मे महिन्यातली तापी डोळ्यांसमोर आणा. जळगावचा पारा ४५ च्या आसपास आणि डोहातलं पाणी अंघोळीला काढल्यासारखं कोमट. तिथे ट्राउट म्हणजे कढईतच सोडल्यासारखं झालं.

समुद्रातून नदीत चढणारा मासा आपल्या तापीलाही होता, हे मात्र लक्षात ठेवा. हिलसा, ज्याला कोकणात पाला म्हणतात, तो पावसाळ्यात खालच्या तापीत, सुरतेच्या बाजूने वर चढायचा. आधी काकरापारचा बंधारा झाला, मग १९७२ मध्ये उकाई धरण उभं राहिलं. आता समुद्रातला मासा खान्देशापर्यंत पोचायची वाटच उरलेली नाही. म्हणून आपण बोलणार आहोत ते नदीतच राहणाऱ्या माशांबद्दल.

फ्लोट नेमकं काय करतो?

आपल्याकडे गळ टाकणारा माणूस फ्लोट कशाला बांधतो? मासा लागला की कळावं म्हणून. थर्माकोलचा तुकडा, जुन्या चपलेच्या रबराचा गोल, बाटलीचं बूच, काहीही चालतं. तो बुडाला की हिसका द्यायचा. तळ्यात, धरणाच्या फुगवट्यात, डोहात एवढं पुरतं. नकाण्याच्या तलावावर बसायचं असेल तर हा भाग इथे बंद केलात तरी काही बिघडत नाही.

वाहत्या पाण्यात गोष्ट बदलते. तिथे फ्लोटचं पहिलं काम आमिष वाहून नेण्याचं. बुडून दाखवणं हे नंतरचं.

नदीचं पाणी सगळीकडे एकाच वेगाने वाहत नाही. वरचं पाणी पळतं, तळाचं पाणी दगड-वाळूला घासत हळू जातं. काठाजवळचं त्याहून हळू. पाटबंधारे खात्यातली माणसं नदीचा प्रवाह मोजताना यंत्र नसेल तर साधा फ्लोटच सोडतात. अंतर मोजायचं, वेळ मोजायचा, वेग काढायचा आणि त्याला साधारण ०.८५ ने गुणायचं. का गुणायचं? तर फ्लोट सांगतो तो पृष्ठभागाचा वेग, आणि वरपासून खालपर्यंतच्या पाण्याचा सरासरी वेग त्यापेक्षा कमी असतो. हातात यंत्र असेल आणि पाणी उथळ असेल तर ते वरून ०.६ खोलीवर धरतात, कारण सरासरी वेग साधारण तिथे सापडतो. आणि अगदी तळाशी, जिथे मासा पोट टेकून असतो, तिथे पाणी सरासरीपेक्षाही मंद.

आता गळाकडे या. फ्लोट वरच्या पाण्याबरोबर पळतोय. आमिष खाली मंद पाण्यात आहे. फ्लोट त्याला ओढत नेतो. तळाजवळून वाहत येणारे किडे, शेवाळाचे तुकडे, मेलेली झिंगटी सगळी एका संथ चालीने येतायत आणि तुमचं गांडूळ मात्र त्यांच्यातून पळत सुटलंय, तेही वर उचललं जाऊन. माशाला गणित येत नाही, पण रोज त्याच पाण्यात राहणाऱ्याला ही चाल खटकते. तो तोंड उघडत नाही. आपण म्हणतो, "आज मासाच नाही पाण्यात."

स्टीलहेडवाल्यांनी सगळं डोकं इथे लावलंय. हिवाळ्यात त्यांचा मासा गारठलेला असतो. खायला धावत जात नाही, नाकासमोरून सावकाश काही गेलं तरच घेतो. म्हणून त्यांचा सगळा खटाटोप कशासाठी, तर आमिष तळापासून थोडं वर, तळाच्या पाण्याच्या चालीने, न अडखळता जावं यासाठी. फ्लोट थोडा धरून ठेवायचा. पूर्ण थांबवायचा नाही, फक्त बैलाची वेसण हलकी ताणावी तसा. मग आमिष फ्लोटच्या किंचित पुढे राहतं, आणि माशाला आधी आमिष दिसतं, दोरी नंतर.

हे नीट होतंय की नाही ते फ्लोट स्वतःच सांगतो. त्याचं वरचं टोक कुठे झुकलंय ते बघा.

टोक प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढे झुकलं असेल तर आमिष मागे रेंगाळतंय. बहुतेक तळाला घासतंय. खोली कमी करा. टोक किंचित वरच्या अंगाला, जिकडून पाणी येतंय तिकडे झुकलं असेल तर आमिष पुढे आहे, तुम्हाला हवं तसं. आणि फ्लोट फारच आडवा होऊन ओढला जातोय, पाण्यावर रेघ उमटतेय, तर तुम्ही त्याला जास्त धरलंय किंवा तंगूस पाण्यावर पडून प्रवाहात कमानीसारखा वाकलाय. मग काठी उचलून तंगूस वरच्या अंगाला अलगद फिरवून टाकायचा, फ्लोट न हलवता. रीलमध्ये तो माणूस दर दोन-चार सेकंदांनी मनगट फिरवतो ना, ती स्टाईल नाहीये भाऊ, तो हेच करत असतो.

खोली कशी ठरवायची? सुरुवात उथळ करा. एकाच रेषेतून फ्लोट सोडत राहा आणि दर खेपेला आमिष चार बोटं खाली न्या. एका जागी फ्लोट दर वेळी अडखळायला लागला की समजा तळ लागला. तिथून वीतभर वर घ्या. गढूळ पाण्यात तळाच्या आणखी जवळ, नितळ पाण्यात थोडं वर. मासा खालून वरचं बघतो. त्याच्या पोटाखालून गेलेलं आमिष त्याला दिसतच नाही. म्हणून चूक करायचीच तर वरच्या बाजूने करा.

वजनाचंही तसंच. फ्लोट पाण्यावर बदकासारखा अख्खा तरंगत असेल तर मासा ओढतो तेव्हा त्याला तो भार जाणवतो आणि तो आमिष थुंकून टाकतो. शिशाचे छोटे दाणे वाढवत जा, फ्लोटचं फक्त टोक दिसेल इतके. मग नुसता श्वास लागला तरी तो हलेल. दाणे मात्र दातांनी दाबून बसवू नका. जवळपास सगळेच करतात, पण शिसं विषारी आहे. इंग्लंडने गळाची छोटी शिशाची वजनं १९८७ मध्येच बंद केली, कारण हंस ती गिळून मरत होते. आपल्या हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तिथे चिखलात शिसं सांडून येणं बरं नाही. लोखंडी नट-वॉशरनेही काम भागतं.

बांबू मोडीत काढू नका

ऑनलाइन मागवलेला सहा-सात फुटी स्पिनिंग रॉड आणि चकचकीत रीळ घेऊन पोरं नदीवर येतात. लांब फेकायला तो रॉड चांगला. पण वाहत्या पाण्यात फ्लोट चालवायला आखूड काठी म्हणजे डोकेदुखी, कारण तंगूस पाण्यावर पडतोच. तिकडचे लोक या कामासाठी दहा फुटांच्या आसपासचा रॉड घेतात, काही जण तेरा फुटीसुद्धा. कशासाठी? तंगूस पाण्याच्या वर उचललेला राहावा म्हणून.

आता आपल्या काठांवर पिढ्यान्‌पिढ्या काय वापरतात? बारा-पंधरा फुटी बांबू, टोकाला तेवढाच तंगूस, रीळ नाही. म्हणजे ते जे पैसे मोजून मिळवतात ते आपल्याकडे बेटातून कापून मिळतं. बांबूच्या टोकापासून फ्लोटपर्यंत तंगूस सरळ हवेत असतो, फ्लोट हवा तसा धरता येतो, सोडता येतो. काठापासून दोन काठ्यांच्या अंतरात जेवढं पाणी येतं, तेवढ्यात तरी बांबूला तोड नाही असं माझं मत आहे. मर्यादाही आहेत. मोठा मासा लागला तर सोडायला तंगूसच नसतो, आणि खोली काठीपेक्षा जास्त असेल तर पंचाईत. खोल पाण्यासाठी सरकता फ्लोट हवा. तंगूसवर दोऱ्याची एक छोटी गाठ मारायची, तिच्याखाली मणी, त्याखाली भोकाचा फ्लोट. फेकताना फ्लोट खाली वजनापाशी असतो, पाण्यात पडल्यावर तंगूस त्यातून सरकत जातो आणि गाठीपाशी थांबतो. गाठ रॉडच्या कड्यांतून निघून रिळावर गुंडाळली जाते, म्हणून वीस फूट खोलीलाही चालतं.

शेवटचा हात-दीड हात तंगूस वरच्यापेक्षा बारीक ठेवा. गळ दगडात अडकला तर तेवढाच तुटेल आणि फ्लोट हाती राहील. नदीत शंभर फूट तंगूस सोडून यायचा नाही. पाणकावळ्यांचे आणि कासवांचे पाय त्यात अडकतात.

जिग आपल्या माशांना चालतो का?

जिग म्हणजे शिशाचं इवलंसं डोकं असलेला गळ, त्यावर मऊ पिसं बांधलेली. स्टीलहेडसाठी साधारण दोन ते सात ग्रॅमचा. ती पिसं पूर्वी माराबू नावाच्या आफ्रिकी करकोच्याची असत, आता टर्कीची असतात, नाव मात्र तेच राहिलं. फ्लोटखाली जिग टांगला की लाटेबरोबर फ्लोट वरखाली होतो आणि खाली पिसं उघडतात-मिटतात, जिवंत असल्यासारखी. माणसाला काही करावं लागत नाही, नाचवायचं काम पाणी करतं. म्हणून तो खळखळत्या पाण्यात जिवंत आणि सपाट पाण्यात मेल्यासारखा. कोंबडीच्या पोटाखालची मऊ पिसं बांधून घरीही होतो.

पण इथेच रील बघणारे फसतात. स्टीलहेड शिकारी आहे. तुमच्या गळाला ज्यांची जास्त शक्यता, ते कटला-रोहू-मृगळ शिकारी नाहीत. तिघांनी पाणी वाटून घेतलंय: कटला वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी सडकं-कुजकं वेचतो. त्यांना पिसांचं सोयरसुतक नाही. त्यांच्यासाठी फ्लोट तोच, चाल तीच, फक्त जिगच्या जागी कणकेची गोळी. कणकेत शेंगदाण्याची पेंड कुटून घातली तर गोळी पाण्यात सावकाश सुटते आणि वास पुढे जातो. खान्देशात पेंडीला काय तोटा आहे? मृगळ तळाशी वाकून गोळी उचलतो तेव्हा कधी कधी फ्लोट बुडायच्या ऐवजी वर उठून आडवा पडतो, कारण खालचं वजनच उचललं गेलेलं असतं. तोही घासच असतो, बुडायची वाट बघत बसू नका.

जिग चालतो तो शिकाऱ्यांना. शिवडा, शिंगाळा, मरळ. (नावं गावागणिक बदलतात. तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवा.) शिवडा आणि शिंगाळा खोल वाहत्या पाण्याच्या कडेला, जिथे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण दिसते तिथे दबा धरून असतात. त्या शिवणीवरून जिग न्यायचा, टोकाला झिंगा किंवा गांडूळ लावलं तर उत्तमच. मरळ मात्र शेवाळाच्या कडेच्या साचलेल्या पाण्यातला. तिथे हे तंत्र वापरायचं कारणच नाही. आणि मरळीबद्दल एक सांगतो. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर खदखदताना दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. पुंजक्यात काही पडलं की ते हल्ला करतात, म्हणून तेव्हा मरळ पकडणं सगळ्यात सोपं. पण राखणदार गेला की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं साफ करतात. एका माशासाठी शेकडोंचा हिशेब होतो. मी तरी ते करणार नाही.

महाशीर हा आपल्याकडचा स्टीलहेडला सगळ्यात जवळचा मासा. समुद्रात जात नाही, पण खडकाळ, वेगवान, स्वच्छ पाण्यात राहणारा, प्रवाहाविरुद्ध चढणारा आणि गळाला लागल्यावर दम काढणारा. नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यात तो आहे, पण आता विरळ. चुकून लागला तर पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवला तर गळ लगेच निघतो. फोटो पाण्यातच काढा.

वाहतं पाणी राहिलंय कुठे?

आता खरा प्रश्न. हे सगळं वाहत्या पाण्याचं तंत्र, आणि तापी वाहते कुठे? नकाशा काढून बघा. हतनूर, मग शेळगाव बॅरेज, पाडळसऱ्याचं धरण (वर्षानुवर्षं होतंच आहे), मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा आणि गुजरातच्या हद्दीत उकाई. नदी एकाच जिन्याच्या पायऱ्यांसारखी झालीय, प्रत्येक पायरीवर साचलेलं पाणी. गिरणा धरणातून आवर्तन सुटलं की वाहते, एरवी बराच भाग कोरडा. पांझरेवर अक्कलपाडा आहे. शिवाय फड पद्धतीचे जुने दगडी बंधारे आहेत, काही शतकांपूर्वीचे. त्यांच्यावरून पाणी पडतं तिथे खाली छोटे छोटे वाहते पट्टे तयार होतात, आणि हे तंत्र शिकायला मला तेच सगळ्यात योग्य वाटतात. गुडघाभर पाणी, स्वच्छ दिसणारा तळ, फ्लोट कसा वागतो ते डोळ्यांनी बघता येतं. पाटावर मात्र सराव करू नका. पाटाच्या उतरत्या काँक्रीटवर शेवाळ असतं, पाय घसरला तर धरायला काही नसतं.

मोठं वाहतं पाणी म्हणाल तर ते धरणांच्या आणि बॅरेजच्या खाली. तिथे पाण्यात प्राणवायू भरपूर, वरून आलेलं खाणं भरपूर, आणि वर चढायला निघालेला मासा भिंतीपाशी अडून जमा झालेला. फ्लोटसाठी याहून चांगली जागा नाही. आणि माणसासाठी याहून वाईट जागा नाही.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते कधी उघडायचे हे भुसावळच्या आभाळावर ठरत नाही. तापी येते बैतूलकडून, मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून. पूर्णा येते अमरावती-अकोल्याकडचं, मेळघाटच्या उतारावरचं पाणी घेऊन आणि चांगदेवला तापीला मिळते. म्हणजे तुम्ही टोपी घालून उन्हात बसलेले आहात, डोक्यावर ढगाचा ठिपका नाही, आणि पाऊस काल रात्री बैतूलला पडून गेलाय. पाणी वाटेत आहे.

बातमीत 'इतके क्युसेक विसर्ग' असं येतं ते वाचायला शिका. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, पाण्याच्या मोठ्या टँकरचं माप घेतलं तर सेकंदाला अंदाजे अठ्ठावीस टँकर. पावसाळ्यात हतनूरहून याच्या कितीतरी पट पाणी सुटतं. खडकावर बसलेल्या माणसाच्या मागची वाट आधी बुडते, पुढचं पाणी नंतर वाढतं. म्हणून नदीच्या मधल्या बेटावर किंवा खडकावर कधीच जायचं नाही, कितीही चांगली जागा दिसली तरी. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक दगड ठेवा. दर दहा मिनिटांनी बघा. दगड ओला झाला की सामान गोळा करायचं, मासा लागलेला असला तरी. पाण्यात अचानक काड्या-कचरा वाढला, रंग गढुळला, तरी तेच. भोंगा वाजला तर सामानही राहू द्या.

दुसरा धोका कोरड्या नदीचा. गिरणेच्या पात्रातून वाळू उपसून उपसून खड्डे झालेत. आवर्तनाचं पाणी आलं की ते भरतात आणि वरून सगळं सारखंच सपाट दिसतं. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल दोन पुरुष खोलीत. रीलमधल्यासारखं पाण्यात उतरून उभं राहायचं आकर्षण इथे सोडा. तिकडे तो माणूस पात्राचा तळ ओळखतो, अंगात तरंगतं जॅकेट असतं, पायात न घसरणारे बूट. आपण काठावरून, लांब बांबूने. त्यासाठीच तर मघाशी बांबूचं एवढं कौतुक केलं.

मग कधी जायचं? जून ते सप्टेंबर नाही. पुराच्या भीतीने तर नाहीच, पण तेव्हा कटला-रोहू-मृगळ अंडी घालायला पुराच्या पाण्यात चढतात. पोटात अंडी असलेली मादी धरली तर पुढच्या दोन-तीन वर्षांचा मासा धरला. ऑक्टोबरपासून पाणी उतरतं, नितळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा रात्री दहाच्या खाली जातो, तेव्हा आपलाही मासा सुस्तावतो. तो धावून घास घेत नाही, आणि गंमत म्हणजे तेव्हाच स्टीलहेडचं हे संथ चालीचं तंत्र खरं कामाला येतं. सकाळी सहाला कुडकुडत जायची गरज नाही. पाण्याला ऊन लागू द्या, अकरा ते तीन बसा.

विचारून जा

शेवटचा मुद्दा, जो रीलमध्ये कुणीच सांगत नाही. धरणांमधला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. संस्था मत्स्यबीज विकत आणून सोडते. तुम्ही ज्याला 'नदीचा मासा' म्हणता, तो कटला कदाचित कुणी तरी बोटाएवढा असताना पैसे मोजून सोडलेला असतो, आणि त्याच्यावर काही भोई, कोळी, भिल्ल घरांची चूल चालते. हौस म्हणून गळ टाकणाऱ्याला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. विचारलं की जागाही दाखवतात. न विचारता पाच जणांनी पाच रॉड लावून बसणं वेगळं. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खाली प्रवेशबंदीची पाटी असेल तर तिथे कुणाला विचारायचंही कारण नाही.

आणि त्या काठावर जाळं सुकवत बसलेल्या बाबांना एकदा विचारून बघा, की पाणी इथे वरून पळतंय पण खाली कसं आहे? ते हातातलं काम न थांबवता सांगतील, "त्या काळ्या दगडाच्या खाली फिरतंय." ०.८५ त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आता या भागाआधी आलेले दोन-तीन प्रश्न पटकन घेतो.

'फ्लोट कोणत्या रंगाचा?' माशाला खालून फ्लोटचं पोट दिसतं, म्हणून ते फिकट किंवा पारदर्शक. वरचं टोक तुमच्यासाठी, तुम्हाला दिसेल ते. उन्हात चमकणाऱ्या पाण्यावर नारिंगीपेक्षा काळं टोक बरं दिसतं, हे करून बघा.

'एका जागी किती वेळ?' वाहत्या पाण्यात एका रेषेतून दहा-बारा खेपा. मग फ्लोट हातभर पलीकडे. सगळं पाणी असं विंचरून झालं की वीस पावलं खाली सरका. एकाच जागी तासभर बसायचं ते तळ्यावर.

'रात्री चालेल का, फ्लोटला लाइट लावून?' मासा लागेल. पण मघाशी पाण्याच्या कडेला जो दगड ठेवायला सांगितला, तो अंधारात दिसणार नाही. त्यामुळे नदीवर नाही.